तक्रार आढळली नाही

गाडी भर रस्त्यात ठार बंद पडली, तर माणसाला मान असतो. लोक थांबतात, बॉनेट उघडायला लावतात, ज्याला काही कळत नाही तोही आत वाकून "हं" म्हणतो, चार पोरं मागून ढकलतात आणि शेवटी कोणीतरी चहा पाजतो. पण बिघाड जर असा असेल, की जो सोमवारी असतो आणि मंगळवारी नसतो, घरी असतो आणि गॅरेजात नसतो, तर मालकाची गत वाईट. थोड्याच दिवसांत तो बिघाड गाडीचा उरत नाही. मालकाच्या स्वभावाचा होतो.

आमच्या गाडीची डिक्की विजेवर बंद होते. होते म्हणजे, होते तेव्हा होते. बटण दाबलं की ती डौलात खाली यायला लागते, निम्म्यावर येते, थबकते, तीनदा पिक-पिक करते आणि आल्या वाटेनं वर निघून जाते. पुन्हा दाबलं तर कधी शहाण्यासारखी मिटते, कधी पुन्हा तेच. चार दिवस अजिबात त्रास देत नाही. आपण विसरतो. पाचव्या दिवशी लग्नाला निघताना, आहेर, पाण्याचे कॅन आणि आत्याची पिशवी भरून झाल्यावर, सगळं गणगोत अंगणात उभं असताना ती वर जाऊन उभी राहते.

आणि हे पिपरी मेघेत. पिपरी मेघे हे वर्धा शहराला चिकटून वाढलेलं गाव. नगरपालिका कुठे संपली आणि ग्रामपंचायत कुठे सुरू झाली हे रस्त्यावरून चालताना कळत नाही, कराची पावती हातात आली की कळतं. सावंगी, सिंदी, बोरगाव अशी नावापुढे ‘मेघे’ लावणारी गावं आजूबाजूला आहेत, त्यामुळे बाहेरच्या माणसाला पत्ता सांगताना ‘मेघे’वर नाही, ‘पिपरी’वर जोर द्यावा लागतो. घरं शहरी झाली, तरी फाटकं अजून गावाची. तुमच्या अंगणात काही पिक-पिक वाजलं, तर ते तुमचं खासगी राहत नाही.

मुळात विजेची डिक्की घ्यायचीच कशाला, असा प्रश्न आईनं गाडी आली त्या दिवशीच विचारला होता. "हातानं लावाले का होते?" त्यावर चिरंजीवांनी माहितीपत्रक दाखवलं. त्यात एक हसरी बाई दोन्ही हातांत कागदी पिशव्या घेऊन गाडीमागे उभी होती आणि बंपरखाली पाय हलवत होती. पाय हलवला की डिक्की आपोआप उघडते. आईनं चित्र बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "पिशव्या खाली ठेवायच्या ना."

तो पायाचा सेन्सर हे एक वेगळंच प्रकरण आहे. बंपरच्या आत एक पट्टी असते, पायाच्या जवळ येण्यानं तिथला विद्युतभार किंचित बदलतो आणि गाडीला कळतं की किल्ली खिशात असलेला कोणीतरी लाथ मारतोय. चित्रातल्या बाईनं पाय हलवला तो नाजूकपणे. प्रत्यक्षात एका पायावर उभं राहून, डोक्यावर कूलरच्या खसच्या ताट्या घेऊन, नव्या गाडीला लाथ मारणारा माणूस पलीकडच्या गच्चीवरून कसा दिसतो याचा विचार कंपनीनं केलेला नाही. "भाऊ, रागावले का गाडीवर?" असं समोरच्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. गल्लीतलं कुत्रं सावलीसाठी बंपरखाली शिरतं तेव्हा मात्र डिक्की एका झटक्यात उघडते. अट एकच, किल्ली आपल्या खिशात आणि आपण जवळ असायला हवं.

वर्ध्याला मोटारीच्या बाबतीत तशी मोठी परंपरा आहे. गांधीजी १९३६ मध्ये शेगावला राहायला गेले, तेच पुढे सेवाग्राम झालं. त्या काळच्या आठवणींत एका जुन्या फोर्ड गाडीची गोष्ट येते. तिला पुढे बैल जुंपत आणि आश्रमातली मंडळी तिला गमतीनं ‘ऑक्सफर्ड’ म्हणत. त्या गाडीत बिघाड झालाच असेल, तर एवढाच, की बैल बसला असेल. आणि बसलेला बैल सगळ्यांना दिसतो. "इथं तर उभा आहे, मालकालाच नीट हाकता येत नसेल," असं कोणी म्हणू शकत नाही.

आता बटण दाबल्यावर आत काय होतं ते सांगतो, कारण या प्रकरणात मला जे थोडंफार ज्ञान मिळालं ते वाया जाऊ नये अशी इच्छा आहे. डिक्कीच्या दोन बाजूंना दोन दांडे असतात, गॅरेजात त्यांना शॉकर म्हणतात. आमच्या गाडीत एक दांडा साधा, गॅस भरलेला. दुसऱ्याच्या पोटात छोटी मोटर आणि लांब स्क्रू. मोटर फिरली, की स्क्रू फिरतो, दांडा आखडतो आणि डिक्की खाली येते. मोटर किती फिरली हे मोजायला आत एक सेन्सर आहे. एडविन हॉल नावाच्या अमेरिकन संशोधकाला १८७९ मध्ये असं आढळलं, की वीज वाहत असलेल्या पातळ पट्टीला चुंबक दाखवला, तर तिच्या आडव्या अंगाला थोडासा विद्युतदाब तयार होतो. त्या भल्या माणसाला काय ठाऊक, की आपला शोध एक दिवस विदर्भात तुरीच्या कट्ट्यावर पहारा करील! हा हॉल सेन्सर मोटरीचे फेरे मोजत राहतो. फेरे ठरल्या वेगानं पडले, तर ठीक. मंदावले, की गाडीतला संगणक समजतो, कोणाचा तरी हात अडकला. शिवाय डिक्कीच्या दोन्ही कडांना रबराच्या पट्ट्या आहेत, त्यांच्यावर दाब आला तरी तोच अर्थ. मग मोटर तत्काळ उलटी फिरते. सगळं सुरळीत झालं, तर शेवटी डिक्की कुलपात अर्धवट टेकते आणि आणखी एक छोटी मोटर तिला आत ओढून घेते. तो शेवटचा ‘घुप्प’ आवाज फार समाधानाचा असतो. आम्हाला तो क्वचित ऐकू येई.

म्हणजे पाहा, या अख्ख्या यंत्राचा पाया अहिंसा आहे. जरासा विरोध जाणवला, की माघार. समोरच्याला इजा होण्यापेक्षा आपण उघडं राहिलेलं बरं. पवनारहून सेवाग्रामला जाणाऱ्या रस्त्यावर हे तत्त्व शोभून दिसतं, नाकारत नाही. पण मधे कोणाचंच बोट नसताना, विरोधक कुठेच नसताना, रोज सकाळी माघार? इतकी अहिंसा विनोबांनीही मागितली नसती.

पिक-पिक ऐकून पहिले आले ते शेजारचे काका. काका वीज मंडळातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा लावला, डिक्कीभोवती एक फेरी मारली आणि निकाल दिला, "कंडेन्सर गेला तिचा."

विदर्भात ज्याला विजेची वस्तू माहीत आहे त्याला मुळात कूलर माहीत आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा कूलर बंद पडणं हा घरगुती आणीबाणीचा प्रसंग असतो आणि अशा आणीबाण्यांतून इथला प्रत्येक पुरुष तावून निघालेला आहे. पंखा गुणगुणतो पण फिरत नाही, तर कंडेन्सर. पाणी चढत नाही, तर पंप जाम. बॉडीला करंट येतो, तर अर्थिंग. या तीन निदानांवर माणूस आयुष्य काढू शकतो. त्यामुळे डिक्कीचंही निदान या तिघांपैकीच एक निघणार हे ठरलेलं होतं. काकांनी कंडेन्सर म्हटलं. समोरचे म्हणाले, जाम. कोपऱ्यावरचे कम्प्युटर शिकवणारे सर म्हणाले, बॅटरी काढून दहा मिनिटांनी लावा. तीही लावली. गाडीचं घड्याळ बारावर गेलं, रेडिओची स्टेशनं पुसली गेली, चारही काचांचं आपोआप वर जाणं बंद झालं. डिक्की पहिल्यासारखीच.

आईनं कोणाला न विचारता लिंबू-मिरची बांधली. त्या दिवशी डिक्की सलग नीट लागली, हे मला इथे नोंदवलंच पाहिजे.

आणि हाच या बिघाडाचा सगळ्यात मोठा धोका आहे. तो प्रत्येकाला थोडा वेळ बरोबर ठरवतो. ज्यानं जे केलं, त्यानंतर कधी ना कधी डिक्की लागतेच. मग त्याची श्रद्धा बसते. आमच्या घरी हळूहळू चार पंथ तयार झाले. आई डिक्कीवर हात फिरवून "जा बाई खाली" म्हणे आणि मगच बटण दाबे. बायको आधी ड्रायव्हरकडचं दार उघडून लावून येई. चिरंजीव किल्लीनं दोनदा लॉक-अनलॉक करत. मी बटण दाबून लगेच पाठ फिरवत असे, कारण पाहिलं, की ती परत जाते असा माझा अनुभव होता. प्रत्येक जण दुसऱ्याच्या पद्धतीला हसे.

बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञानं १९४८ मध्ये कबुतरांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. भुकेली कबुतरं पिंजऱ्यात ठेवायची आणि ठराविक वेळानं दाणे द्यायचे, कबुतर काय करतंय याच्याशी त्या दाण्यांचा काहीही संबंध नाही. थोड्या वेळानं एक कबुतर डाव्या बाजूनं गोल गोल फिरायला लागलं, एक पिंजऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात पुन्हा पुन्हा डोकं खुपसायला लागलं, काही लंबकासारखी झुलायला लागली. दाणे पडले तेव्हा आपण जे करत होतो त्यामुळेच ते पडले अशी जणू प्रत्येकाची खात्री. हे मी जेवताना घरात वाचून दाखवलं. तिघांनाही ते पटलं आणि तिघांनाही त्यात उरलेले दोघं आणि मी दिसलो.

शेवटी नागपूर गाठणं आलं. कंपनीचं सर्व्हिस सेंटर तिकडेच. कंपनीचं नाव सांगत नाही, त्यांची माणसं सभ्य आहेत आणि माझी वॉरंटी अजून थोडी शिल्लक आहे. वर्ध्याहून नागपूर पंचाहत्तर किलोमीटरच्या आसपास. सगळ्या वाटेवर मी डिक्कीला मनातल्या मनात विनवत होतो, की बाई, आज एकदा तरी बिघड. देवाला नवस बोलताना वस्तू नीट चालू दे असं मागायची सवय असते, उलटं मागताना जीभ अडखळते.

तिथे गार हॉल, कॉफीचं मशीन, फुलं. शर्ट खोचलेला एक तरुण टॅबलेट घेऊन आला आणि म्हणाला, "सर, दाखवा ना प्रॉब्लेम." मी बटण दाबलं. डिक्की खाली आली. थांबली नाही, कुरकुरली नाही, घुप्प. पुन्हा दाबलं. घुप्प. त्यानं दाबलं. घुप्प. इतकी सुंदर ती घरी एकदाही मिटली नव्हती. मुलगी पाहायला आल्यावर पोरीनं कांदेपोह्यांचा ट्रे घेऊन यावं, तशी ती मान खाली घालून येत होती.

"सर, तुम्ही घरी बटण कसं दाबता?" त्यानं विचारलं.

या प्रश्नाला उत्तर नाही. बटण कसं दाबतात? बोटानं दाबतात. पण त्यानं विचारल्याबरोबर मला स्वतःच्या बोटाबद्दल शंका आली. त्यानं प्रेमानं समजावलं, की काही कस्टमर बटण दाबून धरतात, त्यानं डिक्कीच्या उंचीची सेटिंग बदलते. काही कस्टमर सामान जास्त भरतात. काही कस्टमर डिक्की चालू असताना हातानं ढकलतात. ‘काही कस्टमर’ या शब्दांमागे कोण उभं आहे हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी मोबाइलमधला व्हिडिओ दाखवला. त्यात पंचेचाळीस सेकंद आमचं अंगण, जास्वंदीचं झाड, "थांबा, आता करील" असा माझा आवाज आणि शेवटी नीट मिटणारी डिक्की होती. कॅमेरा बंद केल्यावर ती परत वर गेली होती, पण ते व्हिडिओत कसं येणार?

मग स्कॅनर लावला. स्टिअरिंगखाली एक खाच असते, तिथे यंत्र जोडलं, की गाडी आपल्या मनातलं सांगते असा समज आहे. प्रत्यक्षात गाडी तेवढंच सांगते, जेवढं तिला बिघाड म्हणून ओळखायला शिकवलंय. आमच्या गाडीच्या मते तिनं वेळोवेळी अडकलेलं बोट वाचवलं होतं. त्यात बिघाड कसला? ते तर कर्तव्य. पडद्यावर सगळं हिरवं. तरुणानं एक अपडेट मारला, कुलपावर स्प्रे मारला, बिलाच्या कागदावर इंग्रजीत एक ओळ छापून आली. तिचा अर्थ एवढाच, की तक्रार आढळली नाही. सही करताना तो हळूच म्हणाला, "सर, कंपनीतून फीडबॅकसाठी फोन येईल. दहापैकी दहा द्या प्लीज. नऊ दिले तरी आम्हाला बोलणी बसतात."

बाहेर पडून बुटीबोरीपाशी उसाचा रस प्यायला थांबलो. गोरसपाकाचा डबा काढायला डिक्की उघडली. हो, नातेवाइकांना द्यायला नेलेला वर्ध्याचा गोरसपाक, तो द्यायचा राहूनच गेला होता. डबा काढून बटण दाबलं. निम्म्यावर आली. पिक-पिक-पिक.

चिरंजीव अभियांत्रिकीला आहेत, त्यांनी यावर शास्त्रीय भूमिका घेतली. त्यांचं म्हणणं, दोष उन्हाचा. साध्या दांड्यात दाबून भरलेला नायट्रोजन असतो. २० अंशांचा वायू बंद नळीत ४५ अंशांवर गेला, तर त्याचा दाब साधारण साडेआठ टक्के वाढतो. म्हणजे तो दांडा डिक्कीला वर ढकलतो जास्त, मोटरीला ओढायला जड जातं, फेरे मंदावतात आणि संगणक म्हणतो बोट. नागपूरला गार हॉलमध्ये हे होणार कसं? गणित वहीवर मांडलेलं होतं, मला तर ते फार आवडलं. उत्तर हातात आल्यासारखं वाटलं. उपाय म्हणून गाडी कडुलिंबाखाली उभी करू लागलो. कावळ्यांनी आपलं मत गाडीच्या टपावर नोंदवलं, पण डिक्की सुधारल्यासारखी वाटली. ते मत जानेवारीतल्या एका पहाटेपर्यंत टिकलं. बोटं आखडावीत अशी थंडी, अंगणात धुकं आणि डिक्की निम्म्यावरून परत. चिरंजीवांनी वही मिटली.

त्यानंतर बायकोनं जे केलं ते आमच्यापैकी कोणीही केलेलं नव्हतं. तिनं लिहून काढायला सुरुवात केली. फ्रिजवर दुधाच्या हिशेबाचा कागद असतो, त्याच्या मागच्या बाजूला. लागली का, नाही लागली, ऊन, सावली, सामान, कोणी दाबलं. त्या कागदातून सगळ्यांत आधी एक गोष्ट निघाली, की दाबणाऱ्याचा काहीही संबंध नाही. चारही पंथ एका फटक्यात बुडाले. मी सुटलो, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. दुसरी गोष्ट त्या कागदात नव्हती, कारण ती डिक्कीबद्दल नव्हतीच. तिच्याकडे येतो.

नाक्याच्या बाजूला एक वायरिंगवाले भाऊ आहेत. टिनाचं शेड, चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांची रांग, ट्रॅक्टरचे डायनामो आणि भिंतीवर खिळ्याला लटकणारा टेस्ट लॅम्प, म्हणजे एक १२ व्होल्टचा बल्ब आणि दोन वायरी. एवढीच प्रयोगशाळा. त्यांनी डिक्कीकडे पाहिलंसुद्धा नाही. स्टूल पुढे केलं आणि विचारलं, "लागत नाही तवा आणखी का का होते?"

"आणखी म्हणजे?"

"म्हणजे मागचा लाइट मिचकते काय? वायपर अटकते काय? कॅमेरा जाते काय?"

बायको म्हणाली, "कॅमेरा जातो ना! गाडी मागे घेताना पडदा एकदम निळा होतो. पण ते वेगळं आहे, कधीतरीच होतं."

भाऊंनी तंबाखूची पुडी परत खिशात ठेवली. "वेगळं नाही जी ताई. चला."

हा प्रश्न नागपूरला कोणी विचारला नव्हता. त्यांचा फॉर्म असा होता, की एका तक्रारीला एक ओळ. आम्हीही कॅमेऱ्याची तक्रार केली नव्हती, कारण ती ‘कधीतरीच’ होती आणि डिक्कीमुळे आमची एक कधीतरीची तक्रार आधीच बदनाम झाली होती. दुसरी घेऊन कोण उभं राहणार?

त्यांनी पार्किंग लाइट लावायला सांगितले आणि चिरंजीवांना नंबर प्लेटसमोर उकिडवं बसवलं. "बल्बाकडं पायत राय. पापणी नको हलवू." मग स्वतः डिक्की हातानं, अगदी इंचाइंचानं, वर-खाली करायला लागले. वर. खाली. निम्म्यावर आल्यावर चिरंजीव ओरडले, "गेला! आला. पुन्हा गेला!"

"सापडला," भाऊ म्हणाले.

जिथे डिक्की छताला बिजागरीनं जोडलेली असते, तिथे एक काळी रबरी नळी असते. आपण ती रोज पाहतो आणि कधीच पाहत नाही. डिक्कीतल्या साऱ्या वायरी त्या नळीतून जातात. कुलपाची, कॅमेऱ्याची, नंबर प्लेटच्या बल्बची, त्या बोट वाचवणाऱ्या पट्ट्यांची. डिक्की उघडली, की ती नळी वाकते, मिटली की सरळ होते. प्रत्येक वेळी त्याच जागी. आमच्याकडची उन्हं वरून वायरीचं प्लास्टिक कडक करतात. भाऊंनी नळी एका टोकानं सोडवून मागे सरकवली, आतला जुडगा बाहेर आला. एकही वायर तुटलेली दिसत नव्हती. मग त्यांनी एकेक वायर दोन चिमटींत धरून हलकेच ताणायला सुरुवात केली. आत तांबं शाबूत असेल, तर वायर ताणली जात नाही. सातवी की आठवी वायर होती, काळी. ती लांबली. चक्क लांबली, कारण आत तांबं उरलंच नव्हतं, वरचं प्लास्टिक तेवढं धरून होतं.

ती अर्थची वायर. कॅमेरा, बल्ब आणि पट्ट्या, सगळ्यांची परतीची वाट त्या एकीवर. तुटलेली दोन टोकं आत एकमेकांना टेकून होती. टेकली तोवर गाडी निरोगी. डिक्की वाकताना टोकं सुटली, की पट्टीकडून येणारा संदेश बंद, संगणकाला वाटे काहीतरी अडकलं आणि माघार. नागपूरच्या रस्त्यावर वाटभर हलून हलून ती टोकं बहुधा छान जुळून बसली असावीत. बुटीबोरीला डिक्की पुन्हा वर गेली आणि सुटली. हे माझं अनुमान. भाऊंनी यावर एवढंच म्हटलं, "जुळली तर जुळली, नाही तर नाही."

मला वाटलं होतं, आता डाग देऊन जोडतील. त्यांनी तसं केलं नाही. वायर दोन्ही बाजूंनी लांबवर कापली, मधे बारीक तारांची मऊ नवी वायर टाकली आणि दोन्ही सांधे नळीच्या बाहेर नेले. "वाकते तिथं सांधा नाही द्याचा. डाग दिला, का तिथं कडक होते, अन् कडक झाली, का बाजूले तुटते." इतकं स्वच्छ बोलणारा माणूस मला बऱ्याच दिवसांत भेटला नव्हता. वर स्लीव्ह चढवून लायटरनं आवळली, नळी बसवली, बटण दाबलं. घुप्प.

चारशे रुपये घेतले. कापलेला तुकडा मी मागून घेतला.

घरी आलो तर काका फाटकात उभे. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्या म्हणलंच होतं, करंटचा मॅटर हाय." समोरचे म्हणाले, शेवटी कुठेतरी अडकतच होतं ना? म्हणजे जामच. आई काही बोलली नाही, लिंबू-मिरची मात्र नवी बांधली. कम्प्युटरवाल्या सरांना मी मुद्दाम सांगितलं नाही.

आता तो तुकडा. दोन इंच काळी वायर, आतलं तांबं मधोमध तुटलेलं, ताणली की दिसतं. माझ्यावरचा सगळा आरोप खोटा असल्याचा पुरावा माझ्या खिशात होता, तो कोणाला तरी दाखवल्याशिवाय चैन पडेना. वॉरंटी चालू होती, चारशे रुपयांचं काही नाही, पण कागदावरची ती ओळ मला डाचत होती. पुढच्या सर्व्हिसिंगला नागपूरला गेलो तेव्हा तो तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेला.

तोच तरुण. त्यानं तुकडा उजेडात धरून नीट पाहिला. "ओके सर," म्हणाला. "आता प्रॉब्लेम दाखवा."

"आता प्रॉब्लेम नाही. दुरुस्त झाला."

"म्हणजे डिक्की लागते?"

"लागते."

त्यानं बटण दाबलं. घुप्प. पुन्हा दाबलं. घुप्प. मग अतिशय दिलगिरीनं समजावलं, की वॉरंटीत क्लेम घालायचा तर बिघाड आमच्या माणसासमोर दिसावा लागतो. शिवाय वायर बाहेर कापली गेली आहे, त्यामुळे त्या वायरिंगची वॉरंटी आता नाही. आणि हा तुकडा याच गाडीचा आहे हे सिस्टीममध्ये टाकायला रकाना नाही. स्कॅनर लावला. सगळं हिरवं. कागद छापून आला. तीच ओळ.

दोन दिवसांनी फीडबॅकचा फोन आला. पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, डिक्कीच्या तक्रारीचं पूर्ण निराकरण झालं का? हो किंवा नाही सांगा." मी म्हटलं, निराकरण झालं, पण त्यांनी केलं नाही. ती म्हणाली, "सर, हो किंवा नाही." मी म्हटलं, हो. "मग सेंटरला दहापैकी किती गुण द्याल?"

मी तिला वायरीबद्दल, नळीबद्दल, नंबर प्लेटच्या बल्बाबद्दल पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, तेवढ्यात बायकोनं स्वयंपाकघरातून आवाज दिला, "अहो, दहा देऊन टाका! नाही तर परत बोलावतील."